आठ चमच्यांचं चाक

सानिका, ओंकार,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, आजोबांच्या चमच्यांच्या टर्बाइनची गोष्ट सांग ना, आम्ही रेकॉर्ड करतो." शाळेत आजोबांच्या नावाची पाटी लागणार आहे आणि त्या दिवशी तुमची चित्रफीत दाखवायची, असं तुमच्या बाबाने ठरवलं आहे. मी म्हणाले, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला. आवाज नीट येत होता. तुमच्या टोरोंटोच्या स्वयंपाकघरातला फ्रिज गुरगुरतो, तोसुद्धा ऐकू येत होता.

फोन ठेवला, कारण ती गोष्ट तुम्हाला जशी माहीत आहे तशी मला सांगायची नव्हती. आणि जशी घडली तशी ती फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहिते आहे. मला इंग्रजीत लिहिता आलं असतं, माझं सगळं शिक्षण इंग्रजीतच झालं. पण हे ज्या माणसाला उद्देशून आहे, त्याच्याशी मी जन्मभर मराठीतच भांडले. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

आजोबांना जाऊन आज पाच आठवडे झाले. यापुढचं सगळं त्यांना लिहिलं आहे. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचा.

अहो,

तुमची शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली. फोटो जरा जास्तच मोठा केला होता, त्यामुळे दाढी करताना हनुवटीखाली राहिलेले खुंट दिसत होते. मी पहिल्या रांगेत होते. चौघे बोलले आणि चौघांनीही चमच्यांची गोष्ट सांगितली. तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तर तुमच्यासारखे हातवारे करून सांगितली. सरांनी घरातले लग्नाचे चमचे कापले, त्यांचं चाक केलं, वरून पाणी सोडलं, दिवा लावला. आणि मॅडम तीन दिवस सरांशी बोलल्या नाहीत! सगळे हसले. माझ्याकडे वळून हसले. मीही हसले. तोंडाला आता सवय झाली आहे.

पंचेचाळीस वर्षं त्या गोष्टीत मी चमच्यांसाठी रुसून बसलेली बाई आहे. तुम्ही ती गोष्ट बारशाला सांगितलीत, निवृत्तीच्या समारंभात सांगितलीत, नातवंडांना झोपवताना सांगितलीत. दर वेळी मी चहाचे कप उचलून आत गेले. आता तुम्ही नाही आहात, आणि मला आत जायचं कारण उरलेलं नाही. तेव्हा गोष्ट मी सांगते. तुम्हाला ती पाठ आहे. तरी ऐका.

आपण कुंडलला दोन खोल्यांत राहत होतो. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होता. मी सांगलीच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले होते आणि दुपारी ज्वारी निवडत होते. शाळेत जागा एकच होती, ती तुमची होती. यात तुमचा दोष नाही, असं मी तेव्हाही म्हणत असे आणि आजही म्हणते. ज्यात दोष नाही ते तुमच्या माथी मारण्याची मला गरज नाही. दुसरं पुरेसं आहे.

नववीला ऊर्जेचा धडा होता. पाण्याच्या स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत, गतिज ऊर्जेचे यांत्रिक ऊर्जेत, यांत्रिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर. मुलं ते पाढ्यासारखं म्हणायची. आपल्या खिडकीतून ऐकू यायचं. तुम्ही घरी येऊन टोपी खुंटीला लावायचात आणि म्हणायचात, "पोरं म्हणतात बरोबर गं, पण डोळ्यांत काही हलत नाही." ती तुमची तळमळ खरी होती. ती खरी होती म्हणून तर मी त्या धड्यात डोकं घातलं.

दिवाळीच्या सुट्टीत आपण कोयनानगरला तुमच्या चुलतभावाकडे गेलो. घाटातल्या वळणांनी मला मळमळलं आणि तुम्ही खिशातून लिंबू काढून दिलंत. निघताना आठवणीने घेतलं होतंत. ते लिंबूही मी लिहून ठेवते. सकाळी भावोजींनी प्रकल्पाच्या कचेरीत भिंतीवर काढलेलं टर्बाइनचं चित्र दाखवलं: एक मोठं चाक आणि त्याच्या कडेला ओळीने वाट्यांसारखे खोलगट तुकडे. पाण्याची धार त्यांच्यात शिरते आणि चाक फिरतं. संध्याकाळी वसाहतीतल्या त्यांच्या घरी आपण चहा घेत होतो. एकदम जमीन हलली. फार नाही, पण सगळ्यांच्या बशांतले चमचे किणकिणले. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. भावोजींच्या बायकोने कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"बसा वो वैनी. हलतंय आन् थांबतंय. च्या घ्या, गार हुतोय."

मी माझ्या बशीतल्या चमच्याकडे बघत राहिले. तो अजून थरथरत होता. कुठे खोल खडकात ताण साठला होता, आणि तो इथवर येऊन चमचा वाजवून गेला. आणि मग मला सकाळचं चाक दिसलं.

"अहो, ते चमचेच आहेत," मी म्हणाले.

"हळू बोल," तुम्ही म्हणालात. "त्यांना वाटेल घाबरून काहीतरी बरळतेय."

घरी आल्यावर मी फळीवरचा डबा काढला. सांगलीच्या आत्याने लग्नात दिलेले बारा चमचे. दुकानात भांड्यांवर नावं घालताना आत्या म्हणाली होती, "चमचा केवढासा, त्यावर काय प्रेमपत्र लिहिणार? नुसतं नाव घाला." म्हणून प्रत्येक चमच्याच्या पाठीवर, वाटीच्या फुगीर भागावर, बारीक ठिपक्यांनी तीन अक्षरांत मावेल एवढंच होतं: सुलभा.

त्यातले आठ मी पिशवीत घातले. तेव्हा तुम्ही दारात आडवे उभे राहिलात. "लग्नातले आहेत. आई काय म्हणेल?"

"सासूबाई चमच्याने काही खातच नाहीत," मी म्हणाले.

तुम्ही तीन दिवस बोलला नाहीत. तुम्ही. मी नव्हे. एवढं एक वाक्य जरी तुम्ही कधी सरळ केलं असतंत, तरी मी बाकीचं सोडलं असतं. बहुतेक.

हणमंताच्या सायकल दुकानात मी एकटी गेले. हणमंता तेव्हा पंचविशीचा, हाताला कायम काळं ग्रीस. त्याने चमचा उलटा करून नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वैनी, ह्ये लग्नातलं हायती न्हवं? कापू म्हंता?"

"दांडे अर्धे काप. वाटीला धक्का लावू नकोस."

"सरांस्नी इचारलंय?"

"चमचे माझे आहेत, हणमंत."

"आवं, चमचं तुमचं हायती, पर उद्या सर मला कापतील त्येचं काय?"

तरी त्याने कापले. पत्र्याची चकती, मधे जुन्या सायकलचा हब, कडेला आठ चमचे रिव्हेट मारून. चकतीला डायनॅमोचं मुंडकं टेकवलं, पण ते घसरायचं. मग कडेवर ट्यूबच्या रबराची पट्टी चढवली. पहिल्यांदा बादलीतून पाणी सोडलं. चाक म्हशीसारखं हललं आणि थांबलं. धार पसरत होती. मग द्राक्षांवर औषध मारायच्या पंपाचं पितळी तोंड आणून मी नळीला बसवलं. चौथ्या खेपेला चाक फिरलं, दिवा नाही लागला. पाचव्या खेपेला हणमंता नखशिखान्त भिजला आणि म्हणाला, "वैनी, वीज न्हाई आली तर न्हाई, माजी आंगुळ तर झाली." रविवारी शाळेच्या गच्चीवरच्या टाकीला नळी लावली, तेवढी उंची मिळाली, आणि दिवा लागला. पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. पण लागला.

तुम्ही तोवर येऊन मागे उभे होतात. तुम्ही चाकाकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत. "सुलभा, हे तू केलंस?" म्हणालात. हे वाक्य तुम्ही जन्मात एकदाच म्हणालात. ऐकायला मी होते आणि ओला हणमंता होता.

सोमवारी तुम्ही चाक वर्गात नेलंत. मी खिडकीत उभी राहून ऐकलं. तुम्ही मुलांना टाकीवर चढवलंत, धारेत बोट धरायला लावलंत, डायनॅमोला हात लावून तो गरम झालाय का बघायला सांगितलंत. मुलं ओरडत होती. पाढा बंद पडला होता. मला ते तसं शिकवता आलं नसतं, हे मी त्याच दिवशी मान्य केलं. माझ्याकडे चाक होतं, तुमच्याकडे मुलं होती. दोन्ही नावं एका कार्डावर सहज मावली असती.

सांगलीला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. कार्डावर तुम्ही लिहिलंत, "कल्पना व निर्मिती", आणि पुढे तुमचं एकट्याचं नाव. मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "अगं, शाळेकडून जातंय. तू शाळेत नाहीस, नियमात बसत नाही." मग म्हणालात, "पुढच्या खेपेला बघू." मग म्हणालात, "घरातल्या घरात माझं-तुझं काय करायचं?"

मी तरीही एस.टी.ने सांगलीला आले. माझं गाव ते. गर्दीत मागे उभी होते, चाक मला नीट दिसतही नव्हतं. परीक्षकांनी विचारलं, ही कल्पना सुचली कशी? आणि तुम्ही सांगायला लागलात. कोयनानगरला चहा पीत होतो, भूकंपाचा धक्का बसला, बशीतला चमचा वाजला, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते चाक आलं.

चाक नेलंत ते एक वेळ चाललं असतं. तुम्ही माझा थरथरणारा चमचा नेलात. मला जे दिसलं होतं ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांत बसवलंत, आणि इतकं छान बसवलंत की पुढे तुम्हाला ते खरंच तसंच आठवायला लागलं असावं. बक्षीस मिळालं. पुढे पुण्यालाही मिळालं. संस्थेने तुम्हाला कराडच्या मोठ्या शाळेत घेतलं, चाक बरोबर गेलं, काचेच्या कपाटात बसलं. आपण तिथे जवळच मलकापूरला घर केलं. गावभर तुम्ही चमचेवाले सर झालात.

मी आरडाओरडा केला नाही. मी चमचा बंद केला.

सांगलीहून परत आल्यावर दुसऱ्या सकाळी मी पोहे केले आणि तुमच्या बशीत चमचा ठेवला नाही. तुम्ही बशीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि हाताने खाल्लेत. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं. पोहे, शिरा, साबुदाण्याची खिचडी, श्रीखंड. पाहुण्यांना चमचा, मुलाला चमचा, पुढे सुनेला, नातवंडांना चमचा, तुम्हाला नाही. चहात साखर मीच ढवळून द्यायचे. एकदा मुलाने लहानपणी विचारलं, "आई, बाबांना चमचा का नाही?" मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही म्हणालात, "मला हातानंच बरं लागतं रे."

तिथे मला तुमचा जबाब मिळाला. ज्याने काही केलेलं नाही तो माणूस तिसऱ्या दिवशी विचारतो, "अगं, चमचा कुठाय?" तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला शिक्षा कळली होती, तिचं कारण कळलं होतं, आणि ती भोगणं तुम्हाला खरं बोलण्यापेक्षा सोपं वाटलं.

आपलं दुसरं भांडण मात्र उघड चालायचं. तुम्ही वर्गात शिकवायचात की ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, आणि तिथेच खडू खाली ठेवायचात. मी म्हणायचे, पुढचं अर्धं सांगा. प्रत्येक वेळी रूप बदलताना थोडी ऊर्जा अशी उष्णता होऊन जाते की ती पुन्हा कुणाच्या कामाची राहत नाही. म्हणून तर आपला दिवा पिवळट लागतो. टाकीतल्या पाण्यातलं बरंचसं बळ रबर घासण्यात, हब तापण्यात, हणमंताच्या अंगावर उडण्यात जातं. तुम्ही म्हणायचात, "ते नववीला नाही." मी म्हणायचे, नववीला नसेल, पण खरं आहे. तुम्ही म्हणायचात, "मुलांना आधी आनंद होऊ दे, नुकसान पुढे कळेलच." तो एक मुद्दा तुमच्याकडे राहिला.

माझ्या रागाचं काय झालं, तेही या निमित्ताने सांगते. मलकापूरच्या आपल्या पुढच्या खोलीत मी मुलींच्या शिकवण्या सुरू केल्या, त्या रागातच केल्या. मुलगी उत्तर घेऊन आली की मी पहिला प्रश्न विचारायचे, "हे कुणी काढलं? तू? मग खाली नाव घाल." त्या हसायच्या. पण घालायच्या. तेवढा राग कामाला लागला. बाकीचा नुसताच तापत राहिला. पलंगाच्या मध्यरेषेपलीकडच्या तुमच्या उशीला त्याची धग लागली असेल तर ठीकच झालं.

शेवटच्या तीन महिन्यांत तुमचा उजवा हात चालेना. डॉक्टरांनी पातळ पेज सांगितली. पेज हाताने भरवता येत नाही. उरलेल्या चार चमच्यांतला एक मला काढावा लागला.

पहिल्या दिवशी तुम्ही तोंड उघडलं नाहीत. डाव्या हाताने चमचा माझ्याकडून घेतलात. पेज चादरीवर सांडली. तुम्ही तो उलटा केलात आणि अंगठा त्याच्या पाठीवर पुढे-मागे फिरवत राहिलात. पुढे-मागे, पुढे-मागे. मला वाटलं, आजारी माणसाचा चाळा. मी म्हणाले, "द्या इकडे. थंड होतंय." तुम्ही दिलात, आणि खाल्लंत. नंतर रोज भरवलं तसं खाल्लंत. त्या तीन महिन्यांत मी तुमचं सगळं केलं आणि मनापासून केलं, हे तुम्हाला माहीत आहे. तोंड पुसताना तुम्ही माझा पदर धरून ठेवायचात. काही बोलायचं होतं का, मला माहीत नाही. बोलता येत होतं तेव्हा तुम्ही पंचेचाळीस वर्षं बोलला नाहीत.

अंगठ्याचा अर्थ मला तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी कळला.

हणमंता भेटायला आला होता. आता सत्तरीचा झालाय, काठी घेऊन चालतो. कुंडलहून एस.टी.ने आला. तुमच्या फोटोसमोर थोडा वेळ बसला, मग चहा घेताना जुन्या गोष्टी निघाल्या.

"लय नाद हुता सरांस्नी," तो म्हणाला. "सांगलीला जायच्या आदल्या दिशी माझ्याकडनं पॉलिश पेपर घेऊन गेलतं. म्हनलं, सर, कशाला? म्हनले, चमचं चमकवायचं हायती."

"कुठले चमचे?"

"चाकाचं की. परत आनलं तवा बोटं लाल झालती. म्हनलं, मला द्याचं न्हाई व्हय, मी घासलं असतं. न्हाई म्हनले, ह्ये माजं मला केलं पायजे."

मी दुसऱ्याच दिवशी रिक्षाने शाळेत गेले. त्या प्रयोगशाळेत मी पंचेचाळीस वर्षांत पाय ठेवला नव्हता. मुख्याध्यापिका तरुण आहेत, तुमच्याच विद्यार्थिनी. त्यांनी पाटीचा मजकूर माझ्या हातात दिला, "मॅडम, एकदा नजर घाला." मी म्हटलं, आधी चाक बघू दे. त्यांनी कपाट उघडलं.

मी चाक उलटं केलं. आठही चमच्यांची पाठ गुळगुळीत होती. नुसती चमकवलेली नव्हे; जिथे नाव होतं तिथे पत्रा खोल गेला होता, बोट लावलं की कळत होतं. ठिपक्यांनी घातलेलं नाव सहज जात नाही. एका चमच्याला निदान अर्धा तास लागला असेल. आठ चमचे. म्हणजे तुम्ही चार तास बसून माझं नाव घासत होतात. हाताचं बळ कागदात, कागदाचं घर्षणात, घर्षणाचं उष्णतेत. बोटं भाजली असतील. मधे मधे फुंकर घातली असेल. आणि तरी पुढचा चमचा उचललात. रागाच्या भरात माणूस एक चमचा घासेल. आठ घासायला मन थंड लागतं.

मी मुख्याध्यापिकांना म्हटलं, "चाक मी दुरुस्तीला नेते."

"मॅडम, ते पुन्हा चालू होईल?" त्यांना आनंद झाला. "आम्ही फक्त काचेतूनच पाहिलंय."

"होईल," मी म्हणाले.

आपलं जेवण झालं की तुम्ही ज्या रस्त्याने फिरायला जायचात, त्याच रस्त्याला ते भांड्यांचं दुकान आहे. नावं घालणारा माणूस कोपऱ्यात बसतो, हातात विजेचं पेन. बटण दाबलं की सुई थरथरते आणि पत्र्यावर ठिपके पडत जातात. मी चाक त्याच्यापुढे ठेवलं.

"आज्जी, ह्ये काय आणलंय?"

"प्रत्येक चमच्याच्या पाठीवर नाव घालायचं. सुलभा."

"आठांवर?"

"आठांवर."

"आडनाव, तारीख, प्रीत्यर्थ वगैरे?"

"काही नको."

"कोन सुलभा? नात व्हय?"

"मी."

त्याने मान वर करून पाहिलं आणि सुई टेकवली. खोल गेलेल्या जागेवर सुई नीट बसेना, तरी त्याने हळूहळू ठिपके घातले. चार चमचे झाले आणि वीज गेली. भरदुपारी सगळा बाजार गप्प झाला. "आज्जी, बसा. तासभर तरी न्हाई याची." त्याने स्टूल दिलं. मी बसले. लोडशेडिंगचा मला इतका राग कधी आला नव्हता. नंतर वाटलं, ठीक आहे, एवढी वर्षं गेली, आणखी एक तास. वीज आली तेव्हा दुकानातला पंखा आधी सुरू झाला, मग सुई. आता कोयनेची वीज वेगळी आणि दुसरीकडची वेगळी असं काही ओळखता येत नाही, ती सगळी तारांत मिसळलेली असते, हे मला चांगलं माहीत आहे. पण ते उरलेले चार चमचे कोयनेच्या पाण्याने लिहिले असं मी धरलं. उंचावरचं पाणी खाली पडलं, चाक फिरलं, वीज झाली, सुई थरथरली, आणि तुम्ही चार तासांत पुसलेलं माझं नाव पुन्हा पत्र्यावर उमटलं. नववीच्या धड्यात हेही उदाहरण घालायला हरकत नव्हती.

हबला तेल घातलं, नवी रबरपट्टी बसवली, डायनॅमो हणमंताने पाठवला. मागच्या शुक्रवारी शाळेच्या टाकीला नळी लावली. नववीच्या मुलामुलींनी गराडा घातला. सातव्या मिनिटाला दिवा लागला. एक मुलगी मागून वाकून बघत होती. चाक थांबलं तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, ह्यावर सुलभा लिहिलंय. कोण आहे सुलभा?"

मी सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत मला तो प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला. तो कुणी विचारू नये म्हणूनच तर तुम्ही बोटं भाजून घेतली होतीत.

पाटीसाठी मी माझा मजकूर पाठवला आहे. कल्पना आणि रचना: माझं पूर्ण नाव. जोडणी: हणमंताचं पूर्ण नाव. वर्गात शिकवले: तुमचं. तुमच्या वाट्याचं मी काढून घेतलेलं नाही. तुम्ही उत्तम शिकवलंत, तेच लिहिलं आहे. मुलाचा टोरोंटोहून फोन आला. "आई, आता हे कशाला? बाबा गेलेत."

"बाबा गेलेत," मी म्हटलं. "मी आहे ना अजून."

त्याने विचारलं, "म्हणून तू त्यांना चमचा देत नव्हतीस?" चाळिशी उलटलेल्या मुलाच्या डोक्यात इतक्या वर्षांनी तो प्रश्न जागा होता.

तेराव्याला नैवेद्याच्या ताटात श्रीखंड होतं, तुमच्या आवडीचं. विधींसाठी आलेल्या सुनेने वाटीत चमचा ठेवला. तिला काय माहीत? मी तो काढून घेतला. तुम्हाला क्षमा केली असं मी इथे लिहिणार नाही. जे झालेलं नाही ते लिहायची सवय मला नाही. ते लिंबू मी विसरणार नाही. "सुलभा, हे तू केलंस?" हेही विसरणार नाही. आजारपणात तुमचा अंगठा चमच्यावर फिरत होता, तो नाव चाचपत होता की पुन्हा पुसत होता, हे मला तुम्हाला विचारायचं आहे, आणि ते आता कधीच विचारता येणार नाही. यासाठीसुद्धा मी तुमच्यावर रागावले आहे.

सानिका, ओंकार, चित्रफीत करायची असेल तर आता करा. शाळेच्या समितीला माझा मजकूर रुचलेला नाही आणि पाटीचं अजून ठरलेलं नाही. चमचे बारा होते. आठ कराडच्या शाळेत चाकावर आहेत, चार मलकापूरला माझ्या स्वयंपाकघरात. बाराही चमच्यांवर माझं नाव आहे. टाकीत पाणी असलं की चाक फिरतं आणि दिवा लागतो.